आमच्याच खाडीवरचा निबंध

“आधी हात धुऊन ये. कीबोर्डला वास लागतो.”

ग्रंथपाल हे भरल्या वाचनकक्षात म्हणाले. दोघंतिघं हसले. मी पूर्णगडची, मासे विकणाऱ्या बाईची मुलगी. एम.एस्सी. झालेली, पीएच.डी.ला नाव नोंदवलेली. सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा ड्रेस घालून एसटीने रत्नागिरीला आले होते. तरी गेले. हात धुतले. साबणाने, दोनदा. त्याची लाज अजून जात नाही.

दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. आमच्या कॉलेजात इंटरनेटचा एकच संगणक. विद्यापीठाच्या ग्रंथालयातले शोधनिबंध त्यावर शोधता यायचे, पण पासवर्ड ग्रंथपालांकडे. प्राध्यापकांच्या मुलांना ते स्वतः उठून टाकून द्यायचे. मला, “उद्या ये.” असे चार महिने गेले. माझा विषय खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या. आधी कोणी काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय पहिलं प्रकरणच होईना. मार्गदर्शक म्हणाले, “जमत नसेल तर नोंदणी रद्द करू.” परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडायचे.

हात धुऊन आले त्या दिवशी मात्र त्यांनी पासवर्ड टाकला. “दहा मिनिटं.”

मी आमच्या खाडीचं नाव टाकलं. एक निबंध निघाला. लिहिणारा मला आठवला. मी शाळेत असताना आला होता, पँट दुमडून. आईने त्याला आठ दिवस ओहोटीच्या चिखलातून फिरवलं होतं. कुठली शिंपली कुठे, कधी मिळते, सगळं दाखवलं होतं. निबंधावर त्याचं नाव. आई फक्त ‘एक स्थानिक स्त्री’.

पुढचं वाचणार, तेवढ्यात ग्रंथपालांनी मागून हात घालून निबंध बंद केला.

“ऊठ. एवढं वाचून काय करायचंय तुला? शेवटी टोपलीच घ्यायचीय.”

 मी उठले नाही.

“मला वाचायला देणार नाही, असं लिहून द्या. सही करून. तोवर मी इथेच बसते.”

त्यांनी शिपायाला बोलावलं. तो दारात मान खाली घालून उभा राहिला, पुढे आला नाही. त्यांनी पंखे बंद केले. संगणक बंद केला. मी बसून राहिले. शेवटी प्राचार्य आले. त्यांच्या हातात तिथेच बसून लिहिलेला तक्रारअर्ज दिला आणि पोच घेऊनच उठले.

घरी आईला सगळं सांगितलं, त्या निबंधाचंही.  ती म्हणाली, “माझा नाव नाय घातलान?”

“नाही.”

“मग तू घाल.”

मार्गदर्शकांनी माफीपत्र मागितलं. दिलं नाही. नोंदणी गेली. पुढची तीन वर्षं पाण्यात. दुसरा मार्गदर्शक मिळाला नाही, तक्रारअर्जाला उत्तर आलं नाही. पण ओहोटीला मी अजून वही घेऊन जाते. माहिती सांगणाऱ्या प्रत्येक बाईचं नाव लिहिते, आडनावासकट. उद्या कोणी म्हणालं, ही नावं काढा, मग छापतो, तर मी कागद उचलून परत येईन.