अर्ध्या टाकीचं शास्त्र

शिरपूरच्या वरच्या अंगाला सगळे टँकरवाले एकच धरून चालतात: टाकी अर्धी झाली म्हणजे हलकी झाली, आता घ्या पळवत. माझा थोरला भाऊही तेच धरून चालायचा. ट्रॅक्टरमागे पाण्याची टाकी जोडून तो उन्हाळाभर सातपुड्यातल्या दोन पाड्यांना पाणी पुरवायचा. भांडण नको म्हणून निम्मं खालच्या पाड्याला, निम्मं वरच्या. म्हणजे मधली घाटाची वळणं नेमकी अर्ध्या टाकीनं.

आणि मी? तेलवाहू जहाजावर अधिकारी. अर्ध्या टाकीला घाबरण्याचाच मला पगार मिळतो म्हणा ना! काठोकाठ भरलेल्या टाकीतलं तेल फारसं हलत नाही. अर्धवट टाकीत मात्र जहाज डावीकडे कललं की सगळा माल डावीकडे धावतो आणि जहाजाला आणखी दाबतो. मग त्याला सरळ व्हायला जड जातं. त्यात लाटांचा आणि आतल्या हेलकाव्याचा ताल जुळला, तर काही खरं नाही. म्हणून आम्ही होता होईल तो टाक्या भरून तरी नेतो, नाहीतर रिकाम्या तरी ठेवतो.

दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर आलो होतो. जेवताना भावानं विचारलं, "काय रे कप्तान, अर्धी टाकी वळणवर एक बाजूले ओढस. तुमना जहाजमा बी असंच व्हस का?"

वहिनी हसली आणि माझं डोकंच फिरलं. मर मर मरून परीक्षा दिल्या, आणि हा माझं जहाज त्याच्या ट्रॅक्टरच्या रांगेत बसवतोय! "भाऊ, कुठे जहाज आणि कुठे तुझी टाकी! तुला नाही कळायचं ते," असं म्हणून मी कळण्याची भाकरी मोडली. खरं तर त्यानं अगदी बरोबर ओळखलं होतं. आत पत्रे लावून टाकीचे कप्पे करून घे, तोवर अर्ध्या टाकीनं वळणावर हळू जा, एवढंच सांगायचं होतं. कसला माज होता मला, देव जाणे.

पुढच्या वैशाखात वरच्या पाड्याच्या वळणावर टाकी उलटली आणि ट्रॅक्टरलाही घेऊन गेली. भाऊ वाचला, पण उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मला जहाजावरून धुळ्याच्या दवाखान्यात पोचायला बारा दिवस लागले.

"अर्धंच पानी व्हतं रे," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "असं व्हस, हाई तुले माहीत व्हतं का?"

"नाही," मी म्हणालो.

त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. माझा हात थोपटत म्हणाला, "मंग जाऊ दे. तुलेच माहीत नही, ते माले काय माहीत ऱ्हाई!"

अजून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो हेच सांगतो, आणि मी शेजारी बसून मान हलवतो.