दुसऱ्या बाजूची शेवटची दोन मिनिटं

अंधेरीच्या रेकॉर्डच्या कारखान्यात माझं काम ऐकायचं होतं. गाणं ऐकायचं नव्हे, गाण्यात जे नको ते ऐकायचं. नवा साचा मशीनवर चढला की पहिल्या दोन रेकॉर्ड माझ्या काचेच्या खोलीत यायच्या. कुठे टिकटिक, कुठे खरखर आली की मी गुलाबी चिठ्ठीवर लिहायचो. दोन्हींत एकाच जागी आवाज आला तर दोष साच्यातच, असा आमचा नियम. मग साचा भंगारात, आणि तोवर निघालेल्या रेकॉर्ड भरडायच्या यंत्रात. त्याचाच पुन्हा लगदा, त्या लगद्यातून पुन्हा दुसऱ्या कुणाचं तरी गाणं.

हे काम मला मिळालंच कसं, याचं मला रोज नवल वाटायचं. शाळा सातवीत सुटलेली. गाव मालवणकडे, खाडीच्या काठाला. घाटकोपरला गाववाल्यांच्या खोलीत आठ जणांत माझी वळकटी. आधी मी मशीनवर होतो. एकदा माझ्या पाठीमागे वाफेच्या नळीची फुसफुस बदलली ती मी मान न वळवता ओळखली, तेव्हा साहेबांनी मला तिथून उचलून या खोलीत बसवलं. साहेब पार्ल्याचे, अगदी कमी बोलणारे. ह्याला कान आहेत, एवढंच म्हणाले होते. त्यांचे उपकार मी विसरलो नाही, पण भीतीही तेवढीच. कुणी नावाने हाक मारली तरी वाटायचं, संपलं, काढलं. दोन वर्षं झाली तरी मी टेंपररी. त्या महिन्याअखेर कायम करायच्या लोकांची यादी वर जायची होती. कायम झालो असतो तर आईला सांगणार होतो, की आता सुकतीला, ओहोटीच्या चिखलात उतरून तिसरे-शिंपले काढणं बंद कर. तिचे गुडघे गेले होते.

त्याच महिन्यात ते चार कॉलेजकुमार आले. खांद्यापर्यंत केस, घोळदार पँटी. टेप स्वतः छातीशी धरून घेऊन आले. गाणी सगळी इंग्रजीत. त्यातल्या एकाने साहेबांना मोडक्या मराठीत समजावलं ते मी ऐकत होतो. ही सुटी गाणी नाहीत, म्हणाला, दोन्ही बाजू मिळून एकच गोष्ट आहे. एक नदी डोंगरातून निघते, वाटेत कारखाने लागतात, पाण्याचा रंग बदलतो, मासे मरतात, आणि ती तशीच खाडीला येऊन मिळते. साहेबांनी मान डोलवली आणि विचारलं, प्रती किती.

नमुना माझ्याकडे आला तेव्हा पहिल्या बाजूलाच मी दमलो. गाणं संपेचना. मध्येच ऑर्गन, मध्येच गिटार, ठेका पाचावर चाललेला अचानक सातावर. आमच्याकडे डबलबारीच्या भजनात पखवाजवाला असा बिथरला असता तर त्याला बुवांनी तिथेच उठवला असता. पण मला काय, मला दोष शोधायचे होते. दुसऱ्या बाजूच्या शेवटी सगळी वाद्यं एकेक करून थांबली आणि मग सुरू झाली बारीक चरचर. टिपटिप, चटचट, मध्येच एक बुडबुडा फुटल्यासारखा. पुरी दोन मिनिटं. दुसरी रेकॉर्ड लावली. तीच जागा, तीच चरचर. मी चिठ्ठी लिहिली: साचा खराब. हात जराही अडखळला नाही. उलट, यादीच्या आधी एवढा मोठा दोष पकडला म्हणून मनात थोडा खूषच होतो.

दुपारपर्यंत साचा मोडीत निघाला होता आणि झालेल्या रेकॉर्ड भरडल्या गेल्या होत्या. साहेबांना साच्याच्या खात्यावर संशय. तिथल्या जुन्या कारागिराला आणून ऐकवतो, तू ती जागा काढून ठेव, असं सांगून ते गेले. माझ्याकडे उरलेल्या दोन नमुन्यांपैकी एक मी मोठ्या स्पीकरवर लावला, सुई शेवटाला ठेवली.

पॅकिंगमधली मावशी कव्हरांचा गठ्ठा घेऊन दारातून चालली होती. ती जवळच्याच कोळीवाड्यातली. घरची होडी होती, पण मासळी कमी झाली म्हणून कारखान्यात लागलेली. ती थांबली. गठ्ठा कमरेवर टेकवला.

"अरे, हा चिखल कुठं गावला तुला?"

मी म्हटलं, कसला चिखल, रेकॉर्ड खराब आहे.

"खराब तुझं डोकं. ओहोटी लागली की चिखल असाच बोलतो. चिंबोऱ्यांची बिळं उघडतात ना रे. तू खाडीवरचा म्हणतोस आणि तुला एवढं कळंना?" मग जरा ऐकत राहिली. "आमच्याकडं आता एवढा नाय बोलत. रंगाचं पाणी सोडतात तवापासून गप झालाय."

ती गेली. मी सुई उचलून परत ठेवली. या खेपेला तिवरांची मुळं दिसली, पाणी मागे सरकताना दिसलं, चिखलावर ऊन दिसलं. लहानपणी मी याच आवाजात आईच्या टोपलीशेजारी बसून असायचो. दोन वर्षं मी कानांना चरचर म्हणजे दोष एवढंच शिकवलं होतं, आणि ते शिकलेही होते.

आता सांगायचं की नाही? न सांगितलं तर कारागिराच्या नावावर एक शेरा पडणार, आणि माझं नाव यादीत जाणार. तो कायम होता, एका शेऱ्याने त्याचं फार बिघडलं नसतं. हा हिशेब मी केला, हे लपवत नाही. तेवढ्यात दोघे आत आले. कारागीर हात पुसत ऐकत उभा राहिला. माझ्या हातून असं झालेलं नाही, एवढंच म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"साहेब, यांचं काही नाही. तो चिखल आहे," मी म्हणालो. "खाडीचा. त्या मुलांनी मुद्दाम घातलाय. चूक माझी आहे."

साहेबांनी त्या मुलांपैकी एकाच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. मुलगा फोनवर आला. हो, मुद्दामच, तो म्हणाला. चौघे जण वर्सोव्याच्या मागे खाडीकाठी सकाळभर टेपरेकॉर्डर घेऊन बसले होते. गाणं संपतं आणि शेवटी नुसती खाडी उरते, असं त्यांना हवं होतं.

साहेबांनी फोन ठेवला. "यंदा यादीत तुला घालता येणार नाही," ते म्हणाले. "एवढा माल भरडला गेला, वर काय सांगू? पण खोलीतून उठू नकोस. आणि यापुढे टेप घेताना माणसाला विचारायचं, काय काय वाजणार आहे. तूच विचारायचं."

आईला मी त्या महिन्यात पत्रच लिहिलं नाही.

आठ-दहा दिवसांनी नवा साचा आला. ते चौघेही हजर. मला वाटलं आता चार शिव्या पडणार, तर त्यातला एक, हसरा, माझ्या शेजारी स्टूल ओढून बसला. अर्ध्या मराठीत म्हणाला, "काका, साहेब म्हणाले तुम्ही खाडीवाले. मग तुम्हीच सांगा, बरोबर आहे का." मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. मी हेडफोन काढला आणि मोठ्या स्पीकरवर दोन्ही बाजू लावल्या. सगळी गोष्ट पहिल्यापासून ऐकली. पाचाचा ठेका सातावर का जातो ते या वेळी थोडं कळलं, तिथेच पाणी बिघडत होतं. शेवटी चिखल आला. सुई थांबेपर्यंत मी तो पुरा ऐकला.

मग चिठ्ठी. तिच्यावर दोषापुरतीच एक ओळ छापलेली होती, बाकी काही लिहायची सोयच नव्हती. मी पेन्सिल धरून बराच वेळ बसलो. शेवटी त्याच ओळीवर लिहिलं: चिखल, असू द्यावा. साहेबांनी वाचलं, खाली सही केली आणि चिठ्ठी घेऊन स्वतःच मशीनकडे गेले.