अकरा वर्षांनी दारात आलेला

मी लग्नाच्या व्हिडिओ-पत्रिका बनवते. नवरा-नवरीचे फोटो, भोवती फिरणारी फुलं, मागे सनई, आणि शेवटी ‘माझ्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी एखादी चिमुकली. वाशीम ते शेलूबाजार बऱ्याच घरांत माझ्या पत्रिका मोबाईलवरून पोचल्या आहेत. त्यामुळे मी दिवसभर कॉम्प्युटरसमोर का बसते, असं घरात कोणी विचारत नाही. या आडोशाने मी दीड वर्षात सात मिनिटांची एक ॲनिमेशन फिल्म केली.

गोष्ट साधी आहे. एका चंद्रावरच्या ठाण्यात एक मुलगी एकटी राहते. दूरच्या ग्रहावर दुरुस्तीची कामं करणारं एक यंत्र आहे. दोघं एकमेकांना निरोप पाठवतात आणि प्रत्येक निरोप पोचायला काही महिने लागतात. एक दिवस यंत्र तिच्याकडे यायला निघतं आणि अकरा वर्षांनी तिच्या दारात पोचतं. दोघं समोरासमोर उभी राहतात, बराच वेळ, आणि पडदा काळा होतो. संवाद एकही नाही. चारचौघांत काय बोलायचं हे मलाच सुचत नाही, तर त्यांच्या तोंडी काय घालणार?

फिल्म मी खोट्या नावाने इंटरनेटवर टाकली. हळूहळू प्रतिक्रिया येऊ लागल्या. मी एकालाही उत्तर दिलं नाही, पण सगळ्या कितीदा तरी वाचल्या. यंत्राचे गुडघे दुखत असावेत, असं एकाने लिहिलं होतं. त्याचं बरोबर होतं, चाल मला जमलीच नव्हती. बऱ्याच जणांना शेवटची शांतता आवडली. आणि एकाने लिहिलं होतं, ‘बनवणाऱ्याने कधी प्रेम केलेलं दिसत नाही.’

ते वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं. वाईट वाटलं असं नाही, उलट गंमत वाटली. अनोळखी माणसाने एवढ्या झटकन हा निष्कर्ष काढला होता, आणि आमच्या घरात तेवढ्याच झटकन याच्या बरोबर उलटा काढला असता. लग्न न झालेल्या मुलीने प्रेमाची गोष्ट केली, म्हणजे कोणावरून तरी केली असणार. तो कोण? हा प्रश्न आमच्याकडे एकदाच विचारून संपत नाही. तो आत्याकडे जातो, मामाकडे जातो, आणि परत येताना सोबत दोन-तीन बायोडाटा घेऊन येतो.

एप्रिलमध्ये अकोल्याच्या एका कॉलेजचा मेल आला. त्यांना ही फिल्म विद्यार्थ्यांना दाखवायची होती. बनवणाऱ्याचं खरं नाव आणि गाव छापावं लागेल, सोमवारपर्यंत कळवा, असं त्यात होतं. माझे दोन चुलतभाऊ त्याच कॉलेजात शिकतात. म्हणजे होकार द्यायचा तर आधी घरी सांगायला हवं. आणि सांगण्याआधी मला हे बघायचं होतं की, ही कोणा परक्याची फिल्म आहे असं समजून घरचे काय म्हणतात.

शनिवारी दुपारी आमच्याकडे पापड होते. पुढच्या खोलीत पंख्याखाली आई, काकू आणि शेजारच्या खाला पोळपाट घेऊन बसल्या होत्या. मी लाटलेले पापड साडीवर पसरत होते. तिघींचेही हात तेलाने माखलेले, म्हणजे रिमोटला कोणी हात लावणार नव्हतं. मी म्हटलं, “एक कार्टून आहे, लावू का?” आणि टीव्हीवर फिल्म सुरू केली.

“हे कोन वं पोरगी?” काकू म्हणाली. “एकटीच राह्यते?”

“नोकरीले असन,” आई म्हणाली.

“सरकारी क्वार्टर होगा,” खाला म्हणाल्या.

निरोप पोचायला महिने लागतात, हे मी मध्येच सांगितलं. खालांचं लाटणं जरा थांबलं. “मेरे मियाँ दुबई में थे, तब ऐसाच था. खत आने तक बच्चे का एक दाँत और निकल आता था,” असं म्हणून त्यांनी पुढची लाटी घेतली.

“हा डब्बा चालून राह्यला का लंगडून राह्यला?” काकूने विचारलं. म्हणजे गुडघ्यांबद्दल आता दोन मतं जमा झाली.

शेवट आला. यंत्र दारात उभं, मुलगी आत उभी. मी पापडांकडेच बघत होते.

“माय वं!” काकू ओरडली. “अकरा वर्सानं आला अन् हे नुसती पाहून राह्यली! अवं, पानी तं इचार त्याले!”

“हौ ना,” आई म्हणाली. “आत ये म्हनावं, बस म्हनावं.”

“दरवाजे में ही खड़ा कर दिया बेचारे को,” खाला म्हणाल्या.

“काकू, ते मशीन आहे,” मी म्हटलं. “पाणी पीत नाही.”

“नाई पेत तं नको पिऊ दे. इचाराले काय जाते?”

मी एरवी गप्प बसले असते. पण लोकांना जे सगळ्यात आवडलं होतं तेच इथे पडत होतं. “अगं, त्यांना बोलायची सवयच नाही राहिली,” मी म्हटलं. “एकमेकांना आधी डोळे भरून बघायचंय त्यांना. घाईघाईत कसं चालेल? ते एवढंसं बघणं करायला मला चार महिने लागलेत!”

तिन्ही लाटणी थांबली.

“तू केलं हे?” काकूने विचारलं.

“हो.”

“सगळं?”

“हो.”

काकू जरा पुढे झुकली आणि हळू आवाजात म्हणाली, “मंग तो कोन हाये?”

अगदी हाच आवाज मी दीड वर्ष मनात ऐकत होते. “डब्बा आहे, काकू,” मी म्हटलं.

खाला खदखदून हसल्या. “अच्छा है. ना सास, ना ननद.”

काकूही हसली, पण सोडलं नाही. “नाई, पन हे सुचलं कोठून तुले?”

उत्तर आईने दिलं, लाटीला बोटाने तेल लावत, वर न बघता. “दुनियेच्या लग्नाच्या पत्रिका करते ते. तिले नाई सुचन तं कोनाले सुचन?”

काकू पुन्हा लाटायला लागली. मग मी अकोल्याच्या मेलचं सांगितलं, आणि नाव छापणार आहेत हेही. आईने एक अख्खा पापड लाटून संपवला, उचलून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, “नाव तुयंच टाकजो. कोनी काही इचारलं तं सांगजो, माह्या मायनं पाह्यलं हाये.”

संध्याकाळी मी माझं पूर्ण नाव आणि खाली ‘जिल्हा वाशीम’ लिहून मेल पाठवला. फिल्म त्यांना द्यायच्या आधी एक बदल केला. शांतता ठेवली, पाण्याचा पेला काही घातला नाही. फक्त शेवटी ती मुलगी दारातून एक पाऊल बाजूला सरकते, त्याला आत येता यावं म्हणून. त्या एका पावलाला नऊ दिवस लागले. काकूच्या मते ते अजूनही पुरेसं नाही.