चोवीस मात्रांची ओळ

बॅसून म्हणजे छातीपर्यंत येणारं, जाडजूड, फुंकून वाजवायचं लाकडी वाद्य. ते दिसलं की लोक हमखास विचारतात, हे काय आहे? बदलापूर गावातल्या एका काकांनी ते लष्कराच्या बँडमध्ये नोकरीभर वाजवलं. त्यांच्या नातीला मी पियानो शिकवायचे. मी स्वतः संगीत लिहिते हे कळल्यावर ते एकदा म्हणाले, "पोरी, जन्मभर मी खालचा सूर धरून बसलो, गाणी दुसऱ्यांनी गायली. एकदा माझ्यासाठी लिही. मला गायचंय."

मी हुरळूनच गेले. फ्लूट, क्लॅरिनेट आणि बॅसून अशा तिघांसाठी रचना लिहायला घेतली. फ्लूटवाले अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी, क्लॅरिनेटवाला उल्हासनगरच्या लग्नाच्या बँडमधला. त्याला नोटेशन वाचता यायचं नाही. त्याचा भाग मी गाऊन दाखवायचे आणि तो दोनदा ऐकून वाजवायचा. रविवारी सकाळी अंबरनाथच्या एका शाळेत, पहिलीच्या बाकांवर आम्ही कसेबसे मावायचो.

लिहायचे मी चिखलोलीच्या घरी, कॉम्प्युटरवर. लिहिलेलं तो लगेच वाजवून दाखवतो. तिथेच मी फसले. शेवटच्या भागात बॅसूनला मी संथ लयीतली चोवीस मात्रांची ओळ दिली, मध्ये श्वासाला जागा नाही. कॉम्प्युटरने ती लोण्यासारखी वाजवली. इतकं सुंदर मी आजवर काही लिहिलं नव्हतं, असं मला वाटलं.

काका चौदाव्या मात्रेला तुटायचे. दर रविवारी. राग माझ्या नाकावरच असतो. "काका, ओळ तोडू नका. पुन्हा." पुन्हा, तर तेराव्या मात्रेला. क्लॅरिनेटवाला न राहवून म्हणाला, "मॅडम, काका को साँस तो लेने दो यार." मी त्यालाच झापलं. काका रुमालाने तोंड पुसत हसले. "तिचं बरोबर आहे. जमेल मला."

पुढचे दोन रविवार ते आले नाहीत. बरं नाही, असा त्यांच्या सुनेचा फोन आला. रियाज टाळतायत, असं मी मनात म्हटलं. ते आज लिहितानाही लाज वाटते.

तिसऱ्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. काका पलंगावर उशीला टेकून बसलेले, नाकात ऑक्सिजनची नळी. सून मला हळूच स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितलेलं, फुंकायचं बंद करा, फुप्फुसं खराब झालीत. पण आमचं ऐकतायत कुठे? तुमची ती एकच लाइन, सकाळ-संध्याकाळ. खोकायचे आणि परत वाजवायचे. तुम्हाला सांगायचं नाही, अशी शपथ घातलेली आम्हाला."

काकांपाशी येऊन बसले. माफी मागायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. मग जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं, "काका, तुमचा श्वास किती मात्रा पुरतो?"

त्यांनी डोळे मिटून चादरीवर बोटाने मोजलं. "आता चार," ते म्हणाले. "चारचं लिही. मी गाईन."

घरी येऊन मी ती ओळ सगळी मोडली. चार-चार मात्रांचे तुकडे केले, मध्ये ऐसपैस जागा सोडली. तेवढ्यात फ्लूट आणि क्लॅरिनेट बोलतील. कॉम्प्युटर उघडलाच नाही. स्वतः गाऊन, श्वास घेत घेत लिहिलं. तीन दिवस लागले. खरं सांगायचं तर आधीपेक्षा चांगलं झालं.

गुरुवारी पानं घेऊन गेले. काकांनी ती शेवटपर्यंत वाचली, मान डोलावली आणि सुनेला बॅसून जोडायला लावलं. मी ते हाताने तोलून धरलं. त्यांनी फुंकायची पत्ती ओठांत घेतली आणि फुंकलं. नुसती हवा आली. पुन्हा फुंकलं, पुन्हा हवाच.

पत्ती ओठांतून काढून ते माझ्याकडे बघत राहिले. रागावले नव्हते.

"उशीर केलास गं," म्हणाले.