आधी शिफ्ट विचारणारे डॉक्टर

१९९१ सालच्या फेब्रुवारीतला सोमवार. सकाळी सव्वाअकरा वाजता मी निजामपुऱ्यातल्या दवाखान्याच्या बाकावर बसून स्वतःची नाडी मोजत होतो. डॉक्टर कर्णिकांना मी प्रथम पाहिलं ते त्या दिवशी. आजारी मात्र मी नव्हतो, नाडी नुसती वेळ घालवायला मोजत होतो; मी सोबतीला आलो होतो. वडील गेल्यापासून माझ्या थोरल्या भावाला, रघूदादाला, झोप नव्हती. डॉक्टरांनी त्याला डायझेपाम दिली, झोपताना एक.

पुढच्या आठवड्यात कापड कारखान्यातली दादाची शिफ्ट बदलून रात्रीची झाली. तो सकाळी गोळी घेऊन झोपायचा आणि संध्याकाळी गुंगीतच लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, उभा राहायचा. त्याच आठवड्यात त्याचा हात लूमच्या पट्ट्यात गेला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

डॉक्टर स्वतः अंजूरला आमच्या घरी आले. आई म्हणाली, "आमचं नशीबच फुटकं हाय, डाक्टर."

"नशीब नाही, चूक माझी आहे. ही गोळी अंगात फार वेळ राहते. मी झोप विचारली, शिफ्ट विचारली नाही."

दादा खाटेवरून म्हणाला, "आठ हायेत अजून. बसा, च्या घ्या."

डॉक्टरांना तो चहा संपवता आला नाही.

दादा पुन्हा लूमवर उभा राहिला नाही. नववीत शाळा सोडलेल्या माझ्यावर घर आलं आणि माझी छाती धडधडू लागली. मी डॉक्टरांकडे गेलो, तरी गोळीचीच भीती जास्त. डॉक्टरांनी टेबलावर दोन पाकिटं ठेवली. "ही डायझेपाम, पाच मिलिग्रॅमची. ही अल्प्राझोलाम, पाव मिलिग्रॅमची. जोरदार कुठली?"

"पाचची."

"सगळे असंच म्हणतात. वेगळ्या औषधांचे आकडे एकमेकांशी लावायचे नसतात. ही पाव त्या पाचच्या आसपास जाते. ती अंगात रेंगाळते, ही लवकर उतरते, मग मन पुन्हा मागतं. सवय दोन्हींची लागते. तिसरी एक आहे, तिने गुंगी येत नाही, पण गुण यायला आठवडे जातात. धीर आहे?"

"न्हाय."

"मग रोज इथे येऊन बस. धीर मी उसना देतो."

त्यांनी तिसरी दिली. रोज बसता बसता मी पेशंटांची नावं लिहू लागलो, आजही लिहितो. नावाखाली शिफ्ट लिहिलेली नसेल तर डॉक्टर कागद परत पाठवतात. घाईतला पेशंट कुरकुरतो, "गोली दे दो ना, साहब!" डॉक्टर पेन खाली ठेवून विचारतात, "ड्युटी कधी?"

स्वतःच्या पंचाहत्तरीच्या या सत्काराला डॉक्टर तयार नव्हते. "रघूला विचारलंस का?" एवढंच म्हणाले. मी विचारलं. दादा म्हणाला, "हार मीच घालनार. आठ बोटांत मावतोय." हा निरोप सांगितल्यावर डॉक्टरांनी होकार दिला.

अलीकडे त्यांनाच झोप लागत नाही. गोळी घेत नाहीत. आग्रह केला तर हसून म्हणतात, "माझी शिफ्ट संपलेली नाही अजून."

दादाने त्यांना केव्हाच माफ केलं आहे. ही माफी त्यांच्या स्वतःच्या मनालाही पटेल एवढं दीर्घ, निरोगी आयुष्य त्यांना लाभो, आणि त्यातली प्रत्येक रात्र गोळीशिवाय शांत झोपेची जावो.