आडनावापर्यंत

दादांनी आयुष्यभर हाताने तांब्याची तार गुंडाळून ट्रान्सफॉर्मर बनवले आणि धाकट्या भावाने ते बसवून गिटारचे ॲम्प्लिफायर बांधले. दादांची कसोटी साधी होती. ॲम्प्लिफायर बराच वेळ पूर्ण आवाजावर चालवायचा, मग वीज बंद करून ट्रान्सफॉर्मरवर तळहात ठेवायचा आणि आपलं पूर्ण नाव सांगायचं. आडनावापर्यंत हात टिकला तर माल पास.

आता दादांची नजर अधू झाली होती. तरी गिटार वाजवणाऱ्या आपल्या मुलीच्या मोठ्या कार्यक्रमासाठी त्यांनी हट्टाने शेवटचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळला. ॲम्प्लिफायरमधल्या चार जाड काचेच्या व्हॉल्व्हना वीज पुरवताना तो भलताच तापला. धाकट्याला वडिलांच्या नावावरच हात उचलावा लागला. त्याने गुपचूप कारखान्यात बनलेला, चांगला जड ट्रान्सफॉर्मर आणून टेबलाखाली ठेवला. पण दादांना सांगायला त्याची जीभ रेटेना.

"अरे, सून निवडतानाही आईने इतका वेळ घेतला नव्हता," दादा म्हणाले. "माझा पास की नापास?"

"दादा, तूच हात लावून बघ."

दादांनी तळहात ठेवला. स्वतःचं नाव घेतलं, वडिलांचं घेतलं आणि हात मागे ओढला. लाल झालेला तळवा त्यांनी सदऱ्याला पुसला.

"टेबलाखालचा घे वर," ते म्हणाले. "मघाशी पाय लागला मला त्याचा. पोरीच्या जिवाशी खेळ नको."

"तुझा छोट्या ॲम्प्लिफायरला चालेल, दादा."

"चालेल," दादा म्हणाले आणि आपला ट्रान्सफॉर्मर सोडवायला त्यांनी स्वतःच पाना मागितला.