मंदाच्या दोन ओळी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझे बाकीचे पराक्रम तिला तोंडपाठ आहेत—डोंबिवलीत भलत्याच लग्नात जेवून, आहेर देऊन आलेलो, तेसुद्धा. हे मात्र... कसं सांगू?

नव्वदीच्या सुरुवातीला मी ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कॉम्प्युटर कंपनीत होतो. मशीन चालवणारा मूळ प्रोग्रॅम, म्हणजे कर्नल, आमच्याकडे असायचा. कुणी त्यात दुरुस्ती केली की छापील कागदावर ती तपासायची, हे माझं काम. हातात लाल पेन. मला न कळलेली ओळ जास्तीची—इतकं सोपं! ऑफिसात मला 'कात्री' म्हणायचे, आणि मी गाढव खूश व्हायचो.

मंदा चेंदणी कोळीवाड्यातली. नवी, अजून कायम न झालेली. कर्नलमध्ये एक यादी होती. तिच्या प्रत्येक नोंदीत पुढच्या नोंदीचा पत्ता असे. नोंद काढून टाकताना मशीन कधीतरी अडकायचं. मंदाने दोन ओळी घातल्या—आधी पुढचा पत्ता बाजूला ठेवायचा, मग नोंद पुसून तिची जागा सोडायची.

"उगाच पसारा," मी म्हणालो.

"पण सर, सोडलेल्या जागेत दुसरं काही येऊन बसलं तर? मग पुढचा पत्ता कुठून आणायचा?"

तिचं म्हणणं मला पटलं नाही, असं नव्हतं. मला ते कळलंच नव्हतं. आणि ते एका नवख्या मुलीसमोर कबूल करायचं?—मी दोन्ही ओळींवर लाल रेघ मारली. चाचणीत सगळं सुरळीत चाललं.

महिन्याभराने कल्याणच्या गिऱ्हाइकाकडे मशीन भर कामात बंद पडलं. कारण आता मलाही कळलं. लाल रेघेचा कागद मी फाइलमधून काढला, घडी करून खिशात घातला. मगच मीटिंगला गेलो.

"मंदा, अगं एवढी साधी गोष्ट सुटते कशी?" साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं.

ती माझ्याकडे वळली. "सर, सांगा ना त्यांना."

मी काय केलं असेल? हसलो. हो, हसलो—आणि म्हणालो, "नवीन आहे, घाईत राहून जातं."

महिनाअखेरीला तिला कायम न करता घरी पाठवलं. निघताना ती प्रत्येकाच्या टेबलाशी थांबली—माझ्याही.

त्या दोन ओळी मी परत घातल्या. तिच्याच, जशाच्या तशा. वर दुरुस्ती करणाऱ्याचं नाव लिहायची जागा असते. तिथे मी माझं नाव लिहिलं.

मशीन पुन्हा कधी अडकलं नाही.